हेटीचा भाचा

माझी पाठची बहीण बायजा पहिल्या बाळंतपणात गेली, त्याच्या पुढच्या वर्षीचा हा उन्हाळा. लेकरूही तिच्यासोबतच गेलं होतं. माहेरचं हिरवं लुगडं मीच खांद्यावर टाकून तिच्या सासरी नेलं आणि मीच तिच्या अंगावर पांघरलं. त्यानंतर घरात कोणी तिचं नाव काढत नव्हतं.

"डोमा, उद्यापासून तू पाळीवर बस," मारबते काका मला म्हणाले. "बाई येवो का बुवा, क्याम्पातला कोनी पान्याले शिवला नाही पायजे."

"पिन्यापुरतं नेतात जी ते."

"आज पानी नेतीन, उद्या मासोरी नेतीन. पान्याच्या मुलखातले लोक आहेत ते. चिखलात हात घालून मरळ काढतात, जाळं लागत नाही त्यायले. मी पायलं आहे."

आमची हेटी म्हणजे चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडची ढिवरांची लहानशी वस्ती. शेत कोणाकडे नावाला. आमचं सगळं जगणं तलावावर. तलाव जुन्या मालगुजाराच्या वेळचा, मासेमारी आमच्या संस्थेकडे, आणि मारबते काका संस्थेचे मुखिया. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. तलाव आटत आटत मधल्या डोहापुरता उरला होता. त्या डोहात पुढच्या सालचं बीज होतं, अंड्यांवर आलेले रोहू आणि कतला. पावसाळा लागेपर्यंत तिथं जाळं टाकायचं नाही, हा आमच्या आजापणजापासूनचा नेम होता. ज्यानं मोडला त्याला हेटीनं जातीबाहेर टाकलेलं मी लहानपणी पाहिलं होतं.

आणि क्याम्प म्हणजे तलावापलीकडच्या तोडलेल्या जंगलात वसवलेले बंगाली लोक. पूर्व पाकिस्तानातून पळून आलेले. ट्रकांतून आले तेव्हा आम्ही सगळे पाहायला गेलो होतो. बायकांच्या हातात शंखाची पांढरी बांगडी, पुरुषांच्या हातात गाठोडी, आणि सगळ्यांची नजर झाडांवर, जणू झाडं कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्यासाठी खोदलेली विहीर माघातच कोरडी पडली. मग त्यांनी नाल्यात खड्डे केले. त्यात तांबडं, वास येणारं पाणी झिरपायचं.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मी सकाळी बसलो तेव्हा तलावाच्या वाटेवर बोरीच्या काट्यांचा ढीग आणून ठेवलेला होता. कुंपण अजून घातलं नव्हतं. थोड्या वेळानं पलीकडून एक बाई आली. कडेवर पोर, डोक्यावर ॲल्युमिनियमचा हंडा. मला पाहून ती थांबली. पळाली नाही, पुढेही आली नाही. उन्हात तशीच उभी राहिली.

पोरानं माझ्याकडे पाहून बोट तोंडात घातलं.

मी उठलो, तिच्याकडे पाठ केली आणि मोहाच्या झाडाकडे तोंड करून बसलो. हंडा बुडाल्याचा आवाज आला. मग ओल्या पावलांचा. मग काही नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. पुढे तो नेमच पडला. मी पाठ करायची, तिनं पाणी भरायचं. तिच्यामागून दोघीतिघी आणखी येऊ लागल्या. माझी बायको रेवता भाकर घेऊन पाळीवर यायची, ती मात्र पाठ करायची नाही. घाटावर बसून त्या बाईशी हातवारे करून बोलायची. रेवताला मुक्याशीही गप्पा मारता येतात.

"ननीबाला नाव आहे तिचं," ती मला म्हणाली. "पोराले खोका मनते."

"तुले कसं समजलं?"

"तोंड आहे तिले."

"आनि तू का सांगितलं?"

रेवता भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "बायजाचं सांगितलं," ती म्हणाली.

मी पुन्हा मोहाच्या झाडाकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर एक दिवस ननीबालाचा सासरा पाळीवर आला. अतुल बराई. उंच, वाळलेला म्हातारा, अंगात धुतलेली बंडी. त्याच्या हातात पळसाच्या पानावर विड्याचं पान आणि सुपारी होती. त्यानं ती माझ्यासमोर ठेवली आणि तो खाली बसला.

"बाबू," तो म्हणाला, "हमारा नाती का मुँह में पहिला भात देना है."

"मंग द्या ना नातवाले."

"भात मामा देता है. मामा का हात से देना पड़ता है."

"आमच्यातही मामाच लागते," मी म्हणालो. "जावळ काढताना मामाच्या मांडीवर बसवतात."

मग म्हाताऱ्यानं सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. ननीबालाचा एकच भाऊ होता. सीमा ओलांडल्यावर रेल्वेनं येताना एका स्टेशनावर तो बहिणीसाठी पाणी आणायला उतरला. नळावर गर्दी होती. गाडी सुटली. तो लोटा हातात धरून फलाटावर पळताना तिनं पाहिला, एवढंच. पुढच्या स्टेशनावर ती तीन गाड्या जाईपर्यंत बसून राहिली.

"बहू बोलती है, तालाब वाला दादा का बोहिन नहीं रहा. मेरा दादा खो गया. उसको पूछो." म्हातारा उठला. "आप ना बोलेगा तो भी हम को दुख नहीं. पान रख लीजिए."

घरी मी रेवताला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीही नाही.

"जा ना मंग."

"संस्थेत का सांगू?"

"संस्था का भाचा देनार आहे तुमाले?"

"मारबते काका मले उभा ठेवनार नाहीत."

"तुमाले पाळीवर बसूनच राहाचं आहे," ती म्हणाली. "उभं राहाची गरज कायले?"

आमच्यात भाच्याचं काय असतं ते सांगायला हवं. मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा तान्हा असो की मिशीवाला, मामा म्हातारा असला तरी आधी वाकतो. भाचा दारी आला तर आधी पाय धुवायचे, मग पाणी द्यायचं, मग विचारपूस. भाच्याला काही नाकारलं तर तळं आटतं, असं आमची आजी म्हणायची. आणि एका घरचा भाचा तो साऱ्या हेटीचा भाचा.

मामानं रिकाम्या हातानं जायचं नसतं. क्याम्पातल्या लोकांना शुभकार्यात मासोळी लागते, हे मला रेवतानं सांगितलं होतं. पण डोहातली मासोळी मी आणणार नव्हतो. मग त्यांच्याकडे जे नव्हतं ते न्यायचं ठरवलं. सकाळी कावड काढली, दोन्ही हंडे तलावाच्या पाण्यानं भरले, वर आंब्याची डहाळी ठेवली आणि हेटीच्या मधल्या वाटेनं निघालो. आडवाटेनं गेलो असतो तर कोणी पाहिलं नसतं. पण भाच्याकडे चोरून जात नाहीत.

मारबते काका ओसरीत जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"राखनदार," ते म्हणाले, "तलावच कावडीत घालून निघाला का गा?"

"भाच्याकडे चाललो जी."

"कोन भाचा? बायजाचं लेकरू तर तिच्याच संग गेलं."

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत फिरलो असतो.

क्याम्पात एका ताडपत्रीखाली शेणानं सारवलेली जागा होती. पोराच्या कपाळावर चंदनाचे ठिपके, डोक्यावर कागदाचा मुकुट. बायकांनी मला पाहून जिभेनं उलूलू असा आवाज काढला. तो त्यांचा मंगल आवाज, हे मला नंतर कळलं. ननीबालानं माझ्या पायावर पाणी घातलं आणि पोर माझ्या मांडीवर दिलं. वाटीत गुळाची खीर होती. मी बोटानं शीत उचललं आणि त्याच्या ओठाला लावलं. त्यानं आधी तोंड वाकडं केलं, मग माझं बोटच चोखायला लागला. सगळे हसले. अतुलबाबू डोळे पुसत होते.

मग मी माझ्या रीतीप्रमाणे केलं. पोराला खाली चटईवर बसवलं, समोर वाकलो आणि त्याच्या दोन्ही पावलांवर कपाळ टेकलं.

आवाज एकदम बंद झाला.

ननीबालाच्या सासूनं पोर ओढून छातीशी घेतलं. ती काहीतरी बोलली, मला कळलं नाही. अतुलबाबूंचा चेहरा उतरला होता.

"बाबू, यह क्या किया," ते म्हणाले. "बड़ा आदमी बच्चा का पाँव छूता है तो बच्चा का आयु कटता है. जितना बार, उतना."

"आमच्यात भाचा देव असते जी," मी म्हणालो.

"हमारा में नहीं."

म्हातारीला उपाय सुचला. तिनं पोराचं डोकं माझ्या पायाला लावायला आणलं, म्हणजे दोष फिटेल. मी घाबरून मागे सरलो. भाच्याचं डोकं मामाच्या पायावर, यापेक्षा मोठं पाप आमच्यात नाही. ती पुढे यायची, मी मागे जायचो. दुसरीकडे कुठं हे झालं असतं तर लोक पोट धरून हसले असते. तिथं कोणी हसलं नाही. जेवण तसंच राहिलं. निघताना मी ननीबालाकडे पाहिलं. ती दोन्ही हंड्यांवर हात ठेवून उभी होती.

त्याच हप्त्यात पोराला हगवण लागली. ननीबाला पाण्याला यायची बंद झाली. घाटावर येणाऱ्या दुसऱ्या बायकांनी सांगितलं, म्हातारीनं माझ्या वाकण्याचा दोष धरला आहे, त्या तलावाचं नाव काढायलाही बंदी केली आहे. त्या घरात नाल्यातल्या खड्ड्याचं पाणी जात होतं. मग त्या बायकाही आल्या नाहीत. क्याम्पाच्या बाजूनं एकदा आणि नंतर पुन्हा एकदा रडण्याचा आवाज आला. दोन घरांतली लेकरं गेली होती. खोका नव्हता त्यांत.

"पान्यानं चाललं हे सारं," रेवता म्हणाली. "खड्ड्यातलं पानी गुरं पीत नाहीत." तिनं डोक्यावर पदर घेतला आणि क्याम्पाकडे गेली. परत आली ती थेट चुलीपुढं बसली. मी विचारलं, तर म्हणाली, "जे सांगाचं ते सांगून आली. पुढं तिचं तिनं पाहावं."

संस्थेची बैठक मोहाच्या झाडाखाली भरली. सकाळची वेळ. काटे उचलायला माणसं तयार होती. मारबते काका मधे बसले होते, पागोटं बांधून. पाळीच्या पलीकडच्या टोकाला क्याम्पातले दहावीस पुरुष येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात वेळू होते. आमच्याकडेही काठ्या होत्याच. अतुलबाबू सगळ्यांच्या पुढे, रिकाम्या हातानं.

"डोमानं नेम मोडला," काका म्हणाले. "राखन करता करता पानी नेलं. तेही कावडीनं, डहाळी खोचून. याले जाळ्यात वाटा नाही. आजपासून नाही."

"पानी कोनासाठी नेलं ते विचारा जी," मी म्हणालो.

"भाच्यासाठी मनतेस तू."

"हो."

"भाचा बहिणीच्या पोटचा असते, गा. बहीण का हाटात मिळते? बांगडीसारखी?"

दोघं हसले. मागून रेवताचा आवाज आला. "बांगडीसाठी दाम लागते, काका. हिनं फुकट मानला भाऊ."

"बायांनी बोलू नाही."

"मंग बोलनार नाही," रेवता म्हणाली. "ते पाहा, बोलनारी आली."

ननीबाला पाळीवरून येत होती. आमच्या माणसांमधून आणि त्यांच्या माणसांमधून. तिची सासू मागे होती, तिचा पदर धरून ओढत होती, आणि ननीबाला थांबत नव्हती. पोर कडेवर होतं. त्याचे डोळे खोल गेले होते, मान खांद्यावर पडलेली. ती मारबते काकांच्या समोर आली. पदर सोडवून जमिनीवर पसरला, त्यावर पोराला बसवलं, एका हातानं त्याची पाठ धरली, आणि दुसऱ्या हातानं त्याचे पाय सरळ करून काकांकडे केले.

"हेटीचा भाचा," ती म्हणाली. आमच्या भाषेत. रेवतानं शिकवले होते ते दोन शब्द. पुढचे तिचेच होते. "पानी दे."

अतुलबाबू पुढे धावले. "बहू," ते म्हणाले, आणि पुढे त्यांच्या भाषेत बरंच काही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हातारी खाली बसून कपाळ बडवत होती.

मारबते काका पोराच्या पायांकडे पाहत राहिले. पाय वरून चिखलानं माखलेले, तळवे पांढरेफटक. काठी टेकलेल्या एकाचा खोकला तेवढा ऐकू आला.

"कोनं शिकवलं हिले हे?" काका शेवटी म्हणाले.

रेवतानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"हे पोर आजारी आहे, गा," ते मला म्हणाले. जणू मी लपवून ठेवलं होतं.

"हो जी."

काकांनी पागोटं काढलं आणि मांडीशेजारी ठेवलं. गुडघ्यांवर आले. म्हातारं शरीर, वाकायला वेळ लागला. त्यांनी त्या दोन पावलांवर कपाळ टेकलं आणि तसंच ठेवलं. ननीबालानं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते.

काका उठले तेव्हा त्यांच्या कपाळाला चिखल लागलेला होता. तो त्यांनी पुसला नाही.

"काटे उचला," ते म्हणाले.

काटे हातात घेतलेला एक जण कुंपणाच्या जागेकडे निघाला.

"तिकडं नाही, बावळटा. जाळून टाका." मग त्यांनी अतुलबाबूंकडे पाहिलं. "पानी भाच्याचं. मासोरी संस्थेची. पाऊस लागेपर्यंत डोहात तुमचा हात दिसला तर भाचा गेला खड्ड्यात."

"आप का बात हमारा बात," अतुलबाबू म्हणाले.

मग एकेक जण उठला. आधी काकांचा भाऊ, मग इतर. हेटीतला प्रत्येक बाप्या वाकला. रीतच तशी, एकानं पाय धरले की सगळ्यांनी धरायचे. आणि प्रत्येक वेळी ननीबाला डोळे मिटायची, ओठ हलवायची. क्याम्पातल्या माणसांनी माना खाली घातल्या होत्या. आम्हाला वाटलं, ते आमचा मान राखतात. शेवटी मी वाकलो. माझ्या वेळीही तिचे ओठ तसेच हलले.

त्या दिवशी क्याम्पातल्या सगळ्या बायका पाण्याला आल्या. मी पाठ केली नाही. खोका उकळलेल्या पाण्यावर आणि भाताच्या पेजेवर हळूहळू उठून बसला. आषाढात तलाव भरला. पुढच्या वर्षी अतुलबाबूंनी आमच्या पोरांना मासोळी धरायचे बांबूचे नवे सापळे करायला शिकवलं, आणि मारबते काका ते पाहून म्हणाले, "हे आधी माहीत असतं तर तुमाले ट्रकातूनच उतरू दिलं नसतं." तो त्यांचा आशीर्वाद होता.

ननीबाला दर भाऊबीजेला यायची. त्यांच्यातही तोच दिवस असतो. ती करंगळीनं माझ्या कपाळावर चंदन लावायची, रेवता तिला जेवू घालायची. खोकाचं खरं नाव परिमल. तो शिकला, आमच्याच हेटीच्या शाळेत मास्तर झाला. मला अक्षरं त्यानंच शिकवली, मी आजोबा झाल्यावर. फळ्यासमोर बसण्याआधी मी त्याच्या पाया पडायचो. तोवर त्याला सवय झाली होती.

एका भाऊबीजेला मी ननीबालाला विचारलं, "त्या दिवशी पाळीवर तू का म्हणत होती? ओठ हलत होते."

ती तेव्हा आमची बोली आमच्याहून चांगली बोलायची.

"तुमचे लोक एकेक करून त्याचं आयुष्य कापत होते, दादा," ती म्हणाली. "मी दर खेपेला देवाले सांगत होती, याचं नको, माझं घे."

"आनि तरी तू त्याले बसवलं?"

"क्याम्पात आनखी किती लेकरं होती."

"मले त्या दिवशीच सांगितलं असतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही वाकले असते का?" ती म्हणाली, आणि माझ्या ताटात लाडू ठेवला.

ती आजारी पडल्याचा निरोप आला तेव्हा मी शिंगाड्याच्या तोडणीवर होतो. पोचेपर्यंत सगळं झालं होतं. मी परत हाटात गेलो, हिरवं लुगडं घेतलं आणि खांद्यावर टाकून क्याम्पात आलो. त्यांच्यात माहेरच्या लुगड्याची रीत नाही. तिच्या अंगावर लाल काठाचं पांढरं पातळ होतं, शंखाची बांगडी होती. मी लुगड्याची घडी मोडून वरून पांघरलं. कोणी मला अडवलं नाही. परिमलनं एक टोक धरलं.

मारबते काका वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत जगले, अतुलबाबू त्यांच्या आधी गेले. ननीबाला बराई, माझी बहीण, एकोणीसशे एकोणऐंशीच्या पौषात वारली. तिचे केस पिकले नव्हते.